ऑलिंपियन झ्यूसचे मंदिर, अथेन्स

ग्रीसची राजधानी अथेन्स येथील प्राचीन मंदिराचे भग्नावशेष. अ‍ॅक्रॉपलिस टेकडीच्या आग्नेयेस सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, रहदारीच्या रस्त्यांनी वेढलेल्या मोकळ्या आवारात ते उभे आहेत. स्थानिक नाव ‘ऑलिंपिएऑन’. मूळच्या १०४ स्तंभांपैकी १५ उभे असून एक आडवा पडलेला आहे. मंदिर बांधून पुरे व्हायला जवळजवळ साडेसहाशे वर्षे लागली. धडधाकट मात्र ते त्या मानाने फारच थोडा काळ राहिले.

इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिसिस्ट्राटसच्या घराण्यातील सत्ताधीशांनी येथे डोरिक शैलीचे प्रचंड मंदिर उभारायला घेतले. त्यासाठी स्थानिक चुनखडीचा दगड वापरला होता. इ. स. पू. ५१० मध्ये या घराण्यातील सत्ताधीश हिप्पियास याला अथेन्समधून हाकलून लावण्यात आले आणि चौथरा व काही स्तंभांचे भाग एवढ्यावरच काम थांबले. पुढे लोकशाही अथेन्सने अ‍ॅक्रॉपलिसवर पार्थेनॉन बांधले, पण हे काम हाती घेतले नाही. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात या मंदिराची गणना इजिप्तच्या पिरॅमिडांबरोबर केली आहे. प्रजेला कामाला जुंपून गरीब ठेवायचे, म्हणजे तिला बंडाला सवड मिळत नाही, या राजनीतीचे उदाहरण म्हणून. ज्या घराण्याने काम काढले त्याची शहरात काय पत होती, हे यावरून कळते.

इ. स. पू. १७४ मध्ये सिरियाचा सेल्युसिड राजा चौथा अँटायोकस याने काम पुन्हा सुरू केले. त्याचा वास्तुविशारद कॉसुशियस हा रोमन होता. त्याने चुनखडीऐवजी पेंटेली डोंगराचा संगमरवर आणि डोरिकऐवजी कॉरिंथियन शैली निवडली. अँटायोकस इ. स. पू. १६४ मध्ये मरण पावला आणि काम पुन्हा खोळंबले. इ. स. पू. ८६ मध्ये रोमन सेनानी सला याने अथेन्स जिंकले, तेव्हा येथील काही स्तंभ त्याने रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवरील ज्यूपिटरच्या मंदिरासाठी नेले. शेवटी रोमन सम्राट हेड्रियन याने इ. स. १३१–३२ च्या सुमारास मंदिर पुरे केले. गाभाऱ्यात झ्यूसची सोने व हस्तिदंताची भव्य मूर्ती होती. मंदिरामागे अथेन्सवासीयांनी खुद्द हेड्रियनचाही महाकाय पुतळा उभारला होता, असे पॉसेनियस हा प्रवासी नोंदवतो. तेव्हा ‘ग्रीक मंदिर’ म्हणून आज जे पाहिले जाते, त्याचे श्रेय बव्हंशी एका सिरियन राजाकडे आणि एका रोमन सम्राटाकडे जाते.

मंदिराचा चौथरा सुमारे १०८ मी. लांब व ४१ मी. रुंद आहे. दोन्ही दर्शनी बाजूंना आठ-आठ स्तंभांच्या तिहेरी, तर लांबीच्या बाजूंना वीस-वीस स्तंभांच्या दुहेरी रांगा होत्या. प्रत्येक स्तंभ सुमारे १७ मी. उंच असून त्यावर उभ्या पन्हळी कोरलेल्या आहेत. अकँथसच्या पानांची नक्षी असलेली स्तंभशीर्षे इतकी मोठी आहेत, की ती एकसंध दगडातून न घडवता दोन-दोन दगड जोडून केली आहेत.

इ. स. २६७ मध्ये हेरुली टोळ्यांनी अथेन्स लुटले. त्यानंतर मंदिराची डागडुजी झालेली दिसत नाही. पुढील शतकांत ते शहराला आयती दगडखाण ठरले; संगमरवर बांधकामाला गेला, चुन्यासाठी भाजला गेला. मध्ययुगात एका तपस्व्याने स्तंभांवरील तुळईवर झोपडीवजा खोली बांधली होती, अशी परंपरा आहे. ते बांधकाम एकोणिसाव्या शतकातील जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. १८५२ मध्ये वादळात एक स्तंभ कोसळला. १८८० नंतरच्या दशकात इंग्रज अभ्यासक फ्रान्सिस पेनरोज याने येथे उत्खनन केले.

आवारात शिरल्यावर आग्नेय कोपऱ्यातील तेरा स्तंभांचा समूह आधी नजरेत भरतो. दोन स्तंभ त्यापासून दूर, एकाकी उभे आहेत. पण मंदिराची बांधणी समजते ती पडलेल्या स्तंभापाशी. भाकऱ्यांची चवड कलंडावी तसे त्याचे गोल खंड ओळीने पसरलेले आहेत. उभ्या स्तंभांत न दिसणारे सांधे येथे उघडे पडले असून एकेका खंडाची जाडी व वजन यांचा अदमास जवळून घेता येतो. अलीकडे संवर्धनाच्या कामासाठी स्तंभांना परांची बांधली गेल्याने काही काळ ते झाकलेही गेले. आवारात सावली जवळजवळ नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर जाणे बरे. अक्रोपोली हे मेट्रो स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दक्षिणेकडून वाहणारी इलिसॉस नदी आता शहराखाली गाडली गेली आहे.

आवाराबाहेर, वायव्येला, रस्त्याच्या कडेला सुमारे १८ मी. उंचीची हेड्रियनची कमान आहे. तिच्या अ‍ॅक्रॉपलिसकडील बाजूवरचा लेख हे शहर थीसियस या पुराणकथेतील राजाचे, जुने अथेन्स, असे सांगतो. मंदिराकडील बाजूवरचा लेख हे थीसियसचे नव्हे, हेड्रियनचे शहर असे बजावतो. ही कमान तिकिटाविना, येता-जाता पाहता येते.