कूपरेज ते फातोर्डा : प्रेक्षकांच्या आवाजाचा इतिहास

१३ मार्च २०२१ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला मुंबई सिटी, दुसऱ्या बाजूला एटीके मोहन बागान. अठराव्या मिनिटाला मुंबईच्या अहमद जाहूच्या चुकीतून डेव्हिड विल्यम्सने बागानला आघाडी मिळवून दिली. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच जाहूचा लांब पल्ल्याचा चेंडू अडवताना बागानच्या तिरीकडून स्वयंगोल झाला. मध्यंतराच्या तोंडावर मुंबईचा अमेय रानवडे टक्कर होऊन कोसळला आणि त्याला रुग्णवाहिकेतून हलवावे लागले. नव्वदाव्या मिनिटाला बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य जागा सोडून पुढे आला. चेंडू ओगबेचेला मिळाला, त्याने तो बिपिन सिंगकडे सरकवला आणि बिपिनने गोल केला. दोन विरुद्ध एक. साखळीत अव्वल ठरल्याबद्दलची शील्ड मुंबईने पंधरवड्यापूर्वीच जिंकली होती. आता चषकही आला.

गॅलरीत मात्र कोणीही नव्हते. करोनाच्या साथीमुळे तो सगळा हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर, बंद दरवाजांआड खेळवला गेला. प्रक्षेपणात गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज मिसळला जाई, म्हणजे बिपिनच्या गोलानंतर घरोघरी जो कल्लोळ ऐकू आला तो कोणाच्याही घशातून त्या क्षणी निघालेला नव्हता. उद्याचा इतिहासकार ती चित्रफीत साधन म्हणून वापरू लागला तर काय लिहील, हा प्रश्न मला गमतीचा वाटत नाही. खेळाचा इतिहास लिहिताना आपण गोलसंख्या, तारीख आणि खेळाडूंची नावे जपून ठेवतो. ज्यांच्यासाठी तो सामना महत्त्वाचा ठरला, त्यांनी त्या क्षणी काय केले याची नोंद क्वचितच उरते. आणि जिथे ती उरते, तिथे नुसत्या सामन्याची घटना होते.

बंगालचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांचे ते गोल. एक सुधीर चॅटर्जी सोडले तर सगळे खेळाडू अनवाणी होते. पण हा सामना स्मृतीत राहिला तो मैदानाबाहेरच्या तपशिलांमुळे. बाहेरगावच्या लोकांसाठी जादा गाड्या सोडल्या गेल्या, गर्दीत मागे राहिलेल्यांना खेळ दिसत नव्हता म्हणून गोलसंख्या लिहिलेले पतंग आकाशात चढवले गेले. त्या पतंगांशिवाय १९११चे वर्णन आज कोणी करत नाही. फाळणीने दुखावलेल्या बंगालला त्या दिवशी काय वाटले हे त्या कागदी पतंगावरून जितके कळते तितके राजकीय ठरावांवरून कळत नाही, असे माझे मत आहे. (त्याच वर्षाच्या डिसेंबरात वंगभंग रद्द झाला म्हणून त्या विजयाला त्याचे श्रेय देणारी मंडळी आहेत, तो मोह मात्र आवरावा.)

मग मुंबईचे काय? मुंबईजवळ चषक होता, आणि तोही जुना. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. देशातल्या सर्वांत प्राचीन स्पर्धांपैकी तो एक. पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटने मिळवला आणि पुढची चार दशके गोऱ्या पलटणीच तो आपसांत फिरवत राहिल्या. १९२३ साली मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून ४-१ असा हरला. चषक भारतीयांच्या हाती यायला १९३७ साल उजाडले, आणि तेव्हा तो नेला बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स या संघाने. १९४०च्या अंतिम सामन्यात त्याच बंगलोर मुस्लिम्सना कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने हरवले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तयार झालेला हैदराबाद सिटी पोलीस हा संघ जिंकला. १९५५ साली मोहन बागान. पुढे ईस्ट बंगाल, आंध्र पोलीस, आणि गोव्याचे डेम्पो, साळगावकर.

ही यादी वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. चषक मुंबईचा, मैदान मुंबईचे, तिकीट काढणारा मुंबईत राहणारा. संघ मात्र बाहेरचा. १९५८ साली कॅल्टेक्स आणि १९६५ साली मफतलाल हे मुंबईचे संघ जिंकले खरे, पण एक तेल कंपनीचा, दुसरा गिरणीचा. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १९५६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा कॅल्टेक्सकडून खेळला. त्याचे मूळ गाव गोव्यातले आसगाव. कूपरेजच्या गॅलरीत मोहमेडनसाठी नागपाडा आणि मदनपुऱ्याची माणसे येत, कलकत्त्याच्या संघांसाठी बंगाली कारकून येत, गोव्याच्या संघांसाठी कुडांमध्ये राहणारे गोवेकर येत. अंतिम सामन्यातल्या गोलावर जो आवाज उठे तो मुंबईच्या विजयाचा नसे. दूर राहिलेल्या गावाशी आपले नाते अजून तुटलेले नाही, हे ओरडून सांगण्याची ती जागा होती.

याच शहरात क्रिकेटचे पंचरंगी सामने होत. तिथे हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि ‘इतर’ अशी विभागणी संघांच्या नावांतच होती आणि डिसेंबर १९४०मध्ये गांधीजींनी त्या सामन्यांविरुद्ध मत दिले. त्या वादाचा इतिहास लिहिला गेला आहे. कूपरेजच्या आवाजाचा लिहिला गेलेला नाही, कारण तिथली निष्ठा एका खणात बसत नव्हती. लाहोर ठरावाच्या वर्षी दोन मुस्लिम संघ रोव्हर्सच्या अंतिम फेरीत समोरासमोर आले, तेव्हा गॅलरीतला श्रोता नेमका कोणत्या नावाने ओरडत होता? धर्माच्या की शहराच्या? निदान एवढे दिसते की धर्माने त्याचे काम भागत नव्हते.

रोव्हर्स चषक २००१नंतर बंद पडला. गेल्याचे दुःख फार कोणी केल्याचे दिसत नाही. मराठी नियतकालिकांत तर नाहीच. पण ती सवय राहिली. २० डिसेंबर २०१४ रोजी सुपर लीगचा पहिला अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला तो कोलकाता आणि केरळ यांच्यात. छत्तीस हजारांवर माणसे आली, भरपाई वेळेत मोहम्मद रफीकने डोक्याने गोल केला आणि पिवळ्या सदऱ्यांतली केरळची माणसे जागच्या जागी थिजली. केरळच्या संघाचा एक मालक होता सचिन तेंडुलकर! मुंबईच्या दाराशी झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईकर पुन्हा यजमान, पाहुणे आपापल्या गावासाठी रडणारे.

याच्या नेमके उलट चित्र पाहायचे तर कोल्हापूरला जावे लागते. तिथे चषक लहान, पण संघ पेठेचा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यांतली बहुतेक नावेच सांगतात की फुटबॉल तिथे कुस्तीच्या आखाड्यातून उठून आला. शाहू स्टेडियमवरच्या अंतिम सामन्याला हलगी असते, गुलाल असतो, आणि दोन पेठांमधला जुना हिशेब असतो. तो हिशेब पुष्कळदा दगडांनी चुकवला जातो आणि सामने थांबतात, हेही लपवण्याचे कारण नाही. इथे भाषेचा एक पुरावा नोंदवण्यासारखा आहे. प्रमाण मराठीत आपण ‘प्रेक्षक’ म्हणतो, म्हणजे केवळ पाहणारा. कोल्हापूरची वर्तमानपत्रे ‘फुटबॉलशौकीन’ लिहितात. हा शब्द ‘कुस्तीशौकीन’च्या शेजारचा, तालमीतून मैदानावर आलेला. त्यात पाहणे आहे, जाणकारी आहे आणि जीव लावणेही आहे. रसिक, सहृदय, श्रोता या संज्ञांवर पिढ्यान्‌पिढ्या खल करणाऱ्या आपल्या समीक्षेने या शब्दाकडे अजून पाहिलेले नाही.

आवाजाइतकीच शांतताही बोलते. २० डिसेंबर २०१५ला फातोर्डावर, त्याच मैदानावर पण भरलेल्या गॅलरीसमोर, एफसी गोवा सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलाने २-१ असा पुढे गेला. चषक घरी आलाच होता. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्या हाताला लागून चेंडू आत गेला. तोच कट्टीमणी ज्याने त्या दिवशी पेनल्टी अडवल्या होत्या. आणखी दोन मिनिटांत मेंडोझाने चेन्नईयिनचा तिसरा गोल केला. जल्लोषातून निःशब्दतेपर्यंत अवघ्या पाच मिनिटांचे अंतर. गोव्याला फुटबॉल हा परका खेळ नाही, म्हणूनच तो शोक इतका घरगुती होता.

आता २०२१च्या त्या रिकाम्या रात्रीकडे पुन्हा पाहू. मी चेण्याला राहतो. घोडबंदर रस्त्यावर, एका बाजूला वसईची खाडी आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. हद्द मिरा-भाईंदर महापालिकेची, जिल्हा ठाणे. ‘मुंबई सिटी’ या नावातल्या मुंबईत आम्ही बसत नाही. परंतु त्या संघाच्या मैदानावर, अंधेरीला जे जातात त्यांतले कित्येक दहिसरच्या पलीकडूनच येतात. त्या रात्री सामना फोनवर पाहत होतो. फोनवरचे चित्र टीव्हीच्या काही सेकंद मागे असते. नव्वदाव्या मिनिटाला बागानचा बचावपटू माझ्या पडद्यावर अजून निवांत होता, तोच वरच्या मजल्यावरून एक आरोळी आली, मग समोरच्या इमारतीतून दुसरी. गोल नंतर झाला. १९११ साली पतंग वर चढेपर्यंत गोल जुना झालेला असे. इथे ओरडा पुढे आणि गोल मागे. आणि त्या आरोळीवरून मला पहिल्यांदाच कळले की वरच्या मजल्यावरचा माणूस मुंबईचा समर्थक आहे. कूपरेजला गेलेल्या माणसाला आपले गाव गॅलरीत भेटत असे. आम्हाला ते जिन्यात भेटले.

त्याच सामन्यात हरलेल्या बाजूचे समर्थक दुहेरी दुःखात होते. २०२०च्या विलीनीकरणाने त्यांच्या १८८९ सालच्या क्लबच्या नावापुढे ‘एटीके’ ही तीन अक्षरे जोडली होती आणि ती काढा म्हणून त्यांनी मोहीम उघडली होती. २०२३ साली चषक जिंकल्यावर मालकांनी ती अक्षरे काढली. समर्थकांच्या ओरडण्याने मालकांचे कागद बदलल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे शोधावे लागेल.

४ मे २०२४ला हेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत आले, या वेळी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर. तीनच आठवड्यांपूर्वी, १५ एप्रिलला, तिथेच मुंबईला हरवून बागानने शील्ड घेतली होती. अधिकृत उपस्थिती ६२,००७. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला कमिंग्जच्या गोलावर तो सगळा जमाव उसळला. नंतर पेरेरा दियाझ, एक्याऐंशीव्या मिनिटाला पुन्हा बिपिन सिंग, आणि भरपाईच्या सातव्या मिनिटाला याकुब वोइतुस. १-३. या वेळी आवाज मिसळावा लागला नाही. तिसऱ्या गोलानंतर टीव्हीवर मुंबईच्या खेळाडूंचे एकमेकांना हाका मारणे स्पष्ट ऐकू येत होते.