आद्य इंग्रजी कोश आणि त्यांचे कर्ते

इंग्रजी कोश म्हटला की डॉ. जॉन्सनचे नाव ओठांवर येते; परंतु त्याच्या १७५५ च्या कोशामागे दीडशे वर्षांची परंपरा उभी आहे. केवळ इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा पहिला कोश म्हणजे रॉबर्ट कॉड्रे या धर्मोपदेशकाचे १६०४ सालचे ‘टेबल अल्फाबेटिकल’ हे चिमुकले पुस्तक. शब्द सुमारे अडीच हजार, अर्थ बहुधा एका-दोन शब्दांत. लॅटिन, ग्रीक वा फ्रेंचमधून आलेले जड शब्द ग्रंथांत व प्रवचनांत ज्यांना अडवीत, त्या स्त्रियांसाठी व अल्पशिक्षितांसाठी ते सिद्ध केले होते. वर्णानुक्रमाने शब्द कसा शोधावा, हेही कॉड्रेला वाचकांस समजावून सांगावे लागले! त्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज ज्ञात आहे, तीही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने जपली म्हणून.

पुढे बुलोकर (१६१६) व कॉकरम (१६२३) यांनी हीच वाट चालविली. कोशात कठीण शब्दच असावेत, नित्याच्या शब्दांचा अर्थ कोण पाहणार, अशी या साऱ्यांची धारणा. टॉमस ब्लाउंट हा कायद्याचा अभ्यासक. पण लंडनमधील आचारी, शिंपी, मद्यविक्रेते यांच्या तोंडचे नवे शब्द त्यालाही अडू लागले. त्यातून १६५६ साली ‘ग्लॉसोग्राफिया’ निर्माण झाला. दोनच वर्षांत कवी मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने आपला कोश काढला आणि ब्लाउंटचे श्रम बिनदिक्कत उचलले. मूळच्या चुकाही त्याच्या पानांवर उतरल्या. संगीतातील ‘क्वेव्हर’ हा ‘क्रॉचेट’च्या निम्मा आणि ‘क्रॉचेट’ पुन्हा ‘क्वेव्हर’च्या निम्मा, असे त्यात छापले आहे. संतापलेल्या ब्लाउंटने १६७३ मध्ये या प्रमादांवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. वाङ्मयचौर्याचे असे वाद आपल्यालाही अपरिचित नाहीत.

खरे वळण आले ते १७०२ साली. जॉन कर्सी याच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या कोशाने सुमारे २८,००० शब्दांत घरादारातील साध्या शब्दांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर जागा दिली. जागा मिळाली, अर्थ मात्र मिळाला नाही. हत्ती म्हणजे ‘एक पशू’ एवढ्यावर काम भागले! नेथन बेलीने १७२१ मध्ये शब्दसंख्या ४०,००० च्या घरात नेली आणि व्युत्पत्तींवर भर दिला. बेलीचाच १७३० चा मोठा कोश जॉन्सनने कामासाठी हाताशी ठेवला होता. जॉन्सनचे शब्द बेलीहून फारसे अधिक नाहीत. पण कॉड्रेने ज्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, त्या ‘टेक’ या साध्या क्रियापदाचे त्याने १३४ अर्थ वेगळे करून उदाहरणांसह मांडले, आणि त्यासाठी मोठ्या आकाराची पाच पाने खर्ची घातली.