आयफोनमधलं क्रोम खरंच 'क्रोम' असतं का? ब्राउझरच्या इंजिनाची भानगड समजून घ्या

मित्रांच्या ग्रुपवर अँड्रॉइड विरुद्ध आयफोन हा विषय निघाला की रात्रीचे दोन वाजलेच म्हणून समजा. कॅमेरा होतो, बॅटरी होते, चार्जर होतो आणि मग एखादा भिडू ठेवणीतला डायलॉग मारतो, "सफारी बोगस आहे यार, साइट नीट उघडतच नाहीत. म्हणून मी आयफोनवर क्रोम टाकलंय."

खरी गंमत इथंच आहे. आपल्याकडच्या आयफोनवर तुम्ही क्रोम टाका, फायरफॉक्स टाका नाहीतर एज टाका, पान उघडायचं काम आतून सफारीचंच इंजिन करतं. वरचं नाव आणि बटणं तेवढी बदलतात. रिक्षाला नवी बॉडी बसवली तरी इंजिन जुनंच, तसला प्रकार.

आता हे इंजिन म्हणजे काय? वेबसाइट मुळात कोडच्या ओळींची असते. त्या ओळी वाचून बटण कुठं येणार, फॉर्ममधला तारखेचा रकाना कसा दिसणार, फोटो अपलोड होणार की नाही, हे ठरवतं ते इंजिन. आज मोठी इंजिनं तीनच उरली आहेत. गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंकवाले.

बरं, यातली दोन तर एकाच घरची. केडीई नावाच्या लिनक्सवाल्या मंडळींनी केएचटीएमएल नावाचं इंजिन बनवलं होतं. ॲपलनं ते घेऊन त्यातून वेबकिट उभं केलं आणि २००३ च्या जानेवारीत सफारी आणलं. २००८ मध्ये गूगलनं क्रोम काढलं तेही वेबकिटवरच. २०१३ च्या एप्रिलमध्ये गूगलनं वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. त्याच वर्षी ऑपेरानं स्वतःचं इंजिन सोडून दिलं. डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनंही हात टेकले आणि जानेवारी २०२० मध्ये ब्लिंकवालं नवं एज आलं.

टेकवाल्या मंडळींचे इथंच दोन गट पडतात. पहिला म्हणतो, बरंच झालं. एकच इंजिन असलं की साइट बनवणाऱ्याला चार ठिकाणी टेस्ट करत बसायला नको. दुसरा म्हणतो, थांबा, हा पिक्चर आम्ही आधी पाहिलाय.

तो पिक्चर म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर ६. हे आलं २००१ मध्ये आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जगातले दहापैकी नऊपेक्षा जास्त लोक इंटरनेट एक्सप्लोररच वापरत होते. स्पर्धाच उरली नाही म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टनं पुढची आवृत्ती आणायला पाच वर्षं लावली. तोवर बँकांच्या, सरकारी कार्यालयांच्या साइट फक्त त्याच ब्राउझरसाठी बनत राहिल्या. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला एक्सप्लोररचा सपोर्ट थांबवला, तरी त्याच्या भरवशावर बनलेल्या साइट लगेच सुधारल्या नाहीत.

मराठी वाचकांनी तर हे वेगळ्याच प्रकारे भोगलंय. युनिकोड रुळायच्या आधी अनेक मराठी साइट स्वतःचा फॉन्ट वापरायच्या. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. एक्सप्लोरर तो फॉन्ट आपोआप उतरवून घ्यायचा, त्यामुळे पान वाचता यायचं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच बातमी उघडली की समोर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी.

पुढं मोबाइल आले आणि सुरुवातीच्या कित्येक फोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायला लागले. त्यावर एक जुगाड होता, तिशीतल्या दादा-ताईंना विचारा. ऑपेरा मिनीच्या ॲड्रेस बारमध्ये 'ऑपेरा:कॉन्फिग' टाकायचं आणि बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायचा. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र करून पाठवायचा. डेटा जास्त जायचा, पण वाचता यायचं.

आता पुन्हा आयफोनकडे येऊ. ॲप स्टोअरचा नियम आहे की वेब पानं दाखवणाऱ्या ॲपनं वेबकिटच वापरायचं. ॲपल यामागं सुरक्षा आणि बॅटरीचं कारण देतं. टीकाकार म्हणतात, वेबसाइटच ॲपसारख्या झकास चालल्या तर ॲप स्टोअरकडे कोण जाईल? उदाहरणच घ्यायचं तर वेबसाइटवरून येणारी नोटिफिकेशन. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती २०१५ पासून आहेत. आयफोनवर यायला मार्च २०२३ उजाडला, तेसुद्धा साइट होम स्क्रीनवर टाकली तरच.

युरोपियन युनियननं मात्र कायदा केला आणि मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ सोबत तिथल्या आयफोनवर दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली. मग हे कुलूप सगळीकडे काढायला हवं का? मोठा गट 'हो' म्हणतो. पण त्यात एक पेच आहे. आज साइट बनवणाऱ्यांना क्रोम सोडून दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा लागतो, तो मुख्यतः आयफोनमुळे. कुलूप निघालं तर ब्लिंक तिथंही पसरणार आणि मग गूगल म्हणेल ती पूर्व दिशा. मला स्वतःला कुलूप निघावं असंच वाटतं, पण हा दुसरा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

या वादाचा फटका बसतो तो जुना फोन वापरणाऱ्यांना. आयफोनवर वेबकिटचा मोठा अपडेट आयओएससोबतच येतो. फोनला आयओएस मिळणं बंद झालं की इंजिनही तिथंच थांबतं आणि क्रोम टाकून उपयोग नसतो. अँड्रॉइडवर ब्राउझर प्ले स्टोअरवरून वेगळा अपडेट होतो, त्यामुळे फोन कंपनीनं हात वर केले तरी तो काही वर्षं चालतो. पण कायमचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या क्रोम १२० ला किमान अँड्रॉइड ८ लागतं. म्हणजे घरातल्या आजोबांचा अँड्रॉइड ७ वाला फोन चालू असला तरी त्यातलं क्रोम ११९ वर अडकलेलं असतं. एखादा फॉर्म शेवटच्या पानावर गुपचूप अडला तर चूक आजोबांची नसते.

अँड्रॉइडवर आणखी एक छुपा खेळाडू आहे, अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू. एखाद्या ॲपच्या आतच वेबसाइट उघडते ना, ते सहसा याचंच काम. मार्च २०२१ मध्ये याचा एक अपडेट गंडला आणि जगभर जीमेलसकट अनेक ॲप उघडल्या उघडल्या बंद पडायला लागली. लोक फोनला शिव्या घालत होते, दोष वेबव्ह्यूचा होता.

त्यामुळे पुढच्या वेळी ॲपमधलं पान पांढरं दिसलं तर आधी प्ले स्टोअरवर जाऊन क्रोम आणि वेबव्ह्यू दोन्ही अपडेट करून बघा. साइट 'तुमचा ब्राउझर चालत नाही' म्हणाली तर मेनूमधलं 'डेस्कटॉप साइट' चालू करा. कारण कित्येक साइट इंजिन तपासतच नाहीत, ब्राउझर स्वतःची जी ओळख सांगतो ती पाहून दार उघडतात किंवा लावतात. आणि ही ओळख भारीच असते. क्रोम स्वतःची ओळख देताना मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, क्रोम आणि सफारी ही सगळी नावं एकदम घेतं. कुठल्याही साइटनं दारातून हाकलू नये म्हणून प्रत्येक नवा ब्राउझर आधीच्यांची नावं लावत गेला, त्याचा हा गोतावळा.