शून्य अंशाचा मुक्काम
१८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघालेल्या आणि १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या अमदानीत भोसरी-चिंचवडपर्यंत कारखानदारी पसरलेल्या पुण्यात, ३२ दात्यांचे गिअर कापणारा मिलिंगवरचा कारागीर, डिव्हायडिंग हेडच्या दांड्याच्या ४० फेऱ्यांत जॉबची एक फेरी पुरी होत असल्याने, दर दात्यामागे दांडा सव्वा फेरी, म्हणजे १६ भोकांच्या चकतीवर एक फेरी व वर ४ भोके, फिरवीत असे. आरंभबिंदू मात्र तो स्वतः मुक्रर करी. संगणकीय नियंत्रणाने, म्हणजे सीएनसीने, हा अखत्यार यंत्राकडे दिला: फिरता अक्ष स्विचपाशी येतो, वेग उतरवतो आणि एन्कोडरच्या खुणेवर शून्य अंश धरतो. वर्तुळाला टोक नसते, म्हणून ही खूण अपरिहार्य. जॉब त्या शून्याशी जुळला की नाही, हे डायल लावून पाहण्याची जोखीम, सुदैवाने म्हणा, कारागिराकडेच राहिली.