स्वॅनिंग्टन-कोलऑर्टन

स्वॅनिंग्टन-कोलऑर्टन : इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातील शेजारशेजारची दोन गावे, मध्ययुगीन कोळसा खाणींच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध. येथील कोळशाचे थर तिरपे असून काही ठिकाणी जमिनीच्या पृष्ठभागाला भिडतात. त्यामुळे खाणकाम फार लवकर सुरू झाले. स्वॅनिंग्टनच्या कोळशाचा लेखी उल्लेख १२०४ मधील आहे.

स्वॅनिंग्टनच्या गॉर्स फील्ड या माळावर जुन्या खाणींच्या खुणा आजही दिसतात. गवताखाली बशीसारखे खळगे आहेत आणि उपसलेल्या मातीचे वाटोळे कडे त्यांच्या काठाने फिरते. ऊन कलले की या कड्यांच्या सावल्या पडून खळगे ठळक दिसतात. प्रत्येक खळगा म्हणजे बुजलेली घंटाकार खाण. अरुंद तोंडाची विहीर खणून कोळसा लागला की तळाशी चहूबाजूंनी पोखरत जायचे, छत कोसळेल असे वाटले की ती सोडून शेजारी नवी विहीर धरायची, अशी ही पद्धत होती.

मध्ययुगीन खाणकाम असे उथळच असणार, हा समज कोलऑर्टनजवळच्या लाउंज येथे मोडला. तेथे विसाव्या शतकाच्या अखेरीस खुल्या खाणीतून कोळसा काढताना सुमारे ३० मीटर खोल, लाकडाने बांधून काढलेल्या विहिरी सापडल्या. तळाशी छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब राखलेले होते. लाकडाच्या वृक्षवलयांवरून ही कामे पंधराव्या शतकाच्या मध्यातील ठरली. अवजारांबरोबर कामगारांचे कपडे व पादत्राणेही मिळाली. एवढ्या खोलीवर, वाफेच्या पंपांच्या कितीतरी आधी राबणाऱ्या माणसांचे कसब त्यातून प्रथमच इतके जवळून दिसले. मात्र ज्या उत्खननाने हे उजेडात आणले त्यानेच ते नष्टही केले. म्हणून गॉर्स फील्डचे साधे खळगे जपणे अधिकच मोलाचे ठरते.

पुढच्या काळातील अवशेषांत रॉबर्ट स्टीव्हन्सनने आखलेल्या लेस्टर-स्वॅनिंग्टन रेल्वेचा १८३३ मधील चढ महत्त्वाचा आहे. सतरास एक अशा या उतारावरून कोळशाचे डबे माथ्यावरील वाफेच्या इंजिनाने दोराने ओढून वर घेत. स्थानिक खाणी संपल्यावर काम उलटे झाले : खालच्या ‘कलकत्ता’ नावाच्या खाणीवर पाणी उपसणाऱ्या पंपासाठी कोळसा वरून खाली सोडला जाऊ लागला. १९४७ मध्ये हा मार्ग बंद झाला. ते इंजिन आता यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.