कौशल्य शकुनीकडेही होते

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हापासून यवतमाळच्या दत्त चौकात काय आणि मुंबईच्या वाहिन्यांवर काय, एकच युक्तिवाद ऐकू येतो: रमी, पोकर हे जुगार नव्हेत, कौशल्याचे खेळ आहेत, सर्वोच्च न्यायालयानेच तसे म्हटले आहे. पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणूनच तो तपासून घ्यावा.

न्यायालयाने तसे म्हटले, हे खरे. निकाल १९६७ चा, सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीविषयीचा. तो लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. यवतमाळ जिल्हा नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत होता, तेव्हा तिथले हे मुख्य न्यायमूर्ती. रमीत पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. म्हणून तीन पत्तीसारखी ती निव्वळ नशिबावर चालत नाही, असे त्यांनी म्हटले. जाहिरातदार एवढेच वाचून निकाल मिटतात. पण त्याच निकालात पुढे म्हटले आहे की, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून क्लबाचा मालक नफा कमावतो असा पुरावा असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. डावामागे आपला वाटा कापून घेणाऱ्या ॲपचा धंदा याहून वेगळा कोणता? मद्रास (२०२१) आणि कर्नाटक (२०२२) उच्च न्यायालयांनी पुढे कंपन्यांच्या बाजूने निकाल दिले, हे मान्य. तरी १९६७ चा दाखला देणाऱ्याने तो पुरता वाचलेला असावा.

बरे, कौशल्य आहे असेच धरू. त्याने पूर्वपक्षाची अडचण वाढते. निव्वळ नशिबाच्या खेळात नवख्यालाही मुरलेल्या खेळाडूइतकीच संधी असते. कौशल्याच्या खेळात, डाव वाढत गेले की, नवखा हरणार हे जवळजवळ ठरलेले. सभापर्वात पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीचे. एकासाठी दुसऱ्याने खेळणे बरोबर नाही, हे युधिष्ठिर बोलून दाखवतो आणि तरीही बसतो. मोबाइलवर तर समोर कोण बसला आहे, हेच कळत नाही. त्या मानाने मटकेवाला प्रामाणिक म्हणायचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवरून तो आकडा जन्मला. कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातही तो रुजला. पण हे कौशल्य आहे असे म्हणून कोणी तो विकला नाही.

आता टीव्ही. पोकर हा बघायला अगदी रटाळ खेळ होता. हेन्री ओरेनस्टीन या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने झाकलेली पाने कॅमेऱ्यातून दाखवण्याच्या युक्तीचे १९९५ मध्ये पेटंट घेतले आणि प्रेक्षकाला सगळ्यांचे हात दिसू लागले. इथेच फसगत आहे. सगळी पाने दिसत असताना सोफ्यावरच्या प्रत्येकालाच ‘इथे सोडायला हवे होते’ हे कळते, आणि ते आपले कौशल्य वाटते. शिवाय कंटाळवाणे डाव संकलनात गळतात. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ८६ डॉलर भरून पोकरच्या जागतिक स्पर्धेत अखेर २५ लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी त्या स्पर्धेत ८३९ जण होते. २००६ मध्ये ८,७७३. आपल्याकडे हे काम क्रिकेटने केले. २०२० च्या आयपीएलचे शीर्षक प्रायोजकत्व ड्रीम ११ ने २२२ कोटींना घेतले.

‘जाहिरातीने कोणी बिघडत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक साक्ष. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण जाहिरात हटवत होतो, असा त्यांचा खुलासा. तो खरा मानला, तर जाहिरात सभागृहापर्यंत पोचते याचा याहून भक्कम पुरावा नको. (पुढे त्यांना क्रीडा खाते मिळाले.)

पोळ्याला गावोगाव पत्ते पडतातच, मग टीव्हीलाच दोष का, असेही विचारतात. पोळ्याचा डाव चार दिवसांत उठतो, पैसा बहुधा गावातच फिरतो आणि कोण किती हरला हे घरी कळते. ॲपमध्ये यातले काहीच नाही.

बंदीने खेळ परदेशी ॲपकडे वळतील, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण तो नियमनाच्या बाजूचा युक्तिवाद झाला. कौशल्याचा त्याच्याशी संबंध नाही. नियमन हवे असणाऱ्यांनी अर्थशास्त्र उघडावे. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून खेळ एकाच जागी ठेवला, इतरत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड सांगितला, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतले, आणि कारणही लपवले नाही: चोरून पोट भरणारे ओळखता यावेत म्हणून. खेळायला या, अशी दवंडी मात्र त्याने पिटवलेली नाही.