विजेची लय

वीज गेली की आपल्याला कळतं. वीज बिघडली की आधी यंत्राला कळतं. १९६२ साली जर्मनीत ग्युटर्सलोह इथं बर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेचं उंच, स्वयंचलित गोदाम उभं राहिलं. माल कसला, तर पुस्तकांचा! माझ्यासारख्या कवीला याचं अप्रूप वाटणारच.

पुढं अशा गोदामांत मोटारींचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह आले. ते वीज सलग घेत नाहीत, हिसक्याहिसक्यानं ओढतात. सेकंदाला ५० आवर्तनांची लय बिघडते. ओळीत मात्रा चुकावी तशी. हा दोष तारेवरून शेजाऱ्याकडेही जातो. ट्रान्सफॉर्मर, मोटारी तापतात. उलट, बाहेरून आलेली व्होल्टेजची क्षणभराची घसरण गोदामातली क्रेन जागीच थांबवू शकते.

मग दोष कुणाचा? आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं १९९२च्या आपल्या ५१९ क्रमांकाच्या मानकात जबाबदारी वाटून दिली : ग्राहकानं आपला प्रवाह मर्यादेबाहेर बिघडू देऊ नये, वीजकंपनीनं व्होल्टेज नीट राखावं.

आपल्या भिवंडीत यंत्रमागांच्या गावाभोवती गोदामं वाढली आहेत. उद्या तिथं यंत्रं माल उचलू लागतील, तेव्हा फिल्टर बसवणं हा नुसता खर्च नसेल, मंडळी. तो शेजारधर्म असेल.